आधी तिसरी घंटा, मग जेवणाचं टेबल

पत्र

मी ५९ वर्षांची, सांगलीत विश्रामबागला राहते. दिवाळीच्या सुट्टीत मुलगा, सून, नऊ वर्षांची नात आणि चार वर्षांचा नातू पुण्याहून गाडीनं येणार आहेत. या वेळी पहिल्यांदाच डोंबिवलीहून व्याही आणि विहीणबाईही येताहेत. शनिवार, रविवार, सोमवार राहतील, मंगळवारी परत. घरात आम्ही दोघं आणि सासूबाई. त्यांचं वय ८१, गुडघे धरलेले. रविवारी पाच वाजता भावे नाट्यमंदिरात नाटक आहे. ते सगळ्यांना दाखवायचंय, एकदा बाहेर जेवायचंय, नरसोबाच्या वाडीला दर्शनाला जायचंय. मागच्या वर्षीही असंच ठरवलं होतं. नाटक रात्री नऊचं होतं. साडेसातला हॉटेलात गेलो, ताटं यायला साडेआठ वाजले, थिएटरात पोचलो तेव्हा पडदा वर गेलेला. अंधारात सासूबाईंना खुर्ची सापडेना. नातू रडायला लागला, त्याला घेऊन सगळा दुसरा अंक मी व्हरांड्यात काढला. दुसऱ्या दिवशी वाडीला निघायलाच अकरा वाजले. ह्यांना नाटकाची फारशी आवड नाही. मला मात्र आहे, आणि या वेळी नाटक मलाही बघायचंय. कसं आखू?

— एक वाचक, सांगली

उत्तर

ताई,

मागच्या वर्षी तुम्ही दिवस जेवणापासून मांडायला घेतलात, तिथं सगळं घसरलं. जेवण मागंपुढं होऊ शकतं, वाडीचं दर्शन दोन तास उशिरा झालं तरी चालतं. तीन दिवसांत न हलणारी गोष्ट एकच, ती म्हणजे नाटकाची तिसरी घंटा. म्हणून रविवारचे पाच आधी कागदावर लिहा आणि तिथून उलटं मोजत या.

पाचला नाटक म्हणजे साडेचारला तुम्ही नाट्यगृहाच्या दारात. विश्रामबागेतून निघून गाडी लावून आत यायला, सासूबाई बरोबर असताना, अर्धा तास धरा. चारला घर सोडायचं. त्याआधी चहा आणि कपडे यांना पाऊण तास, त्याआधी सासूबाईंची दीड तासाची झोप. म्हणजे पावणेदोनला सगळे घरात हवेत, सव्वाबाराला हॉटेलात बसलेले हवेत. बाहेरचं जेवण रविवारी दुपारी करा, रात्री नको. मागच्या वेळी एकाच संध्याकाळी जेवण आणि नाटक दोन्ही कोंबलं आणि दोन्ही बिघडलं. नऊ माणसांची ऑर्डर, तीही शनिवार-रविवारच्या रात्री, तासाच्या आत टेबलावर येत नाही. यात हॉटेलवाल्याची चूक धरू नका, साडेसात-आठला सगळं गाव एकदम जेवायला येतं. दुपारी सव्वाबाराला स्वयंपाकघर नुकतं लागलेलं असतं आणि टेबलं मोकळी असतात.

हॉटेलला शनिवारी सकाळीच फोन करा आणि चार गोष्टी विचारा. नऊ जणांसाठी टेबलं जोडून मिळतील का? बसायला खुर्च्या आहेत की खोल सोफे? गुडघे धरलेल्या माणसाला खोल सोफ्यातून उठायला दोघांचा हात लागतो. कमोड आहे का, आणि तिथवर पायऱ्या किती? चौथा प्रश्न भाकरीचा. ज्वारीची भाकरी आधी थापून ठेवत नाहीत. एक बाई एका तव्यावर करत असेल तर एकेका भाकरीला दोन-तीन मिनिटं जातात, म्हणजे बारा भाकऱ्यांना अर्धा तास. तेव्हा फोनवरच सांगून ठेवा: साडेबाराला पहिल्या सहा, पाऊण वाजता पुढच्या सहा. भाकरी अशीच खावी, तव्यावरून ताटात. एकदम बारा मागवल्या तर शेवटच्या चार वातड होतात.

थाळी मागवू नका, असं आमचं स्पष्ट मत आहे. थाळी माणशी असते, बहुतेक ठिकाणी वाटून घेऊ देत नाहीत. सासूबाई आणि नातू चौथा हिस्साही खाणार नाहीत. दुसरं, गोडासकट भरपेट थाळी खाऊन माणूस अंधारात बसला की पहिल्या अंकात डोळे मिटतात. त्याऐवजी चार भाज्या वाटून घ्या. अख्खा मसूर हवाच. ईश्वरपूर (आधीचं इस्लामपूर) ते कराड पट्ट्यातल्या धाब्यांनी ताटावर आणलेला हा पदार्थ डोंबिवलीच्या पाहुण्यांना तिकडे असा मिळत नाही, आणि तो रोटीबरोबर खायचा असतो. दुसरं भरलं वांगं, तिसरं पिठलं, चौथी साधी डाळ. दोन प्लेट जिरा राईस, रोट्या सहा, भाकऱ्या बारा, ताक सगळ्यांना. तुमच्या नऊ जणांत पोटभर खाणारे सहाच आहेत. त्यांना हे पुरतं, लागलं तर एक भाजी पुन्हा मागवता येते. पहिल्याच फेरीला सहा-सात भाज्या सांगितल्या की निम्म्या तशाच राहतात.

तिखटाचं नीट समजून घ्या, कारण मुलं आणि विहीणबाई दोघांचा प्रश्न आहे. हॉटेलात ग्रेव्ही सकाळीच करून ठेवलेली असते, मिरची तिच्यात शिजलेली. “तिखट कमी करा” म्हटलं की वरून साय नाहीतर साखर घालून देतात. त्यानं चव जाते आणि घशाला लागायचं ते लागतंच. त्यापेक्षा ऑर्डरनंतर ताजं होणारं मागवा. पिठल्यात मिरची किती घालायची ते सांगता येतं, डाळीला फोडणी बिनमिरचीची देता येते. नातवासाठी दही-भात.

आता तिकिटं. सात काढा, नऊ नव्हे. चार वर्षांच्या मुलानं सव्वादोन तास अंधारात गप्प बसावं ही अपेक्षा त्याच्यावर अन्याय आहे, शेजारच्या प्रेक्षकांवर आणि नटांवरही. रंगमंचावर माईक असो-नसो, तिसऱ्या रांगेतलं रडणं नटाला स्पष्ट ऐकू जातं आणि विनोदाची जागा हुकते. तुमच्या ह्यांना नाटकाची आवड नाही, मग आजोबा आणि नातवाची संध्याकाळ वेगळी ठरवा: आमराईत खेळणं, मग कृष्णाकाठच्या गणपती मंदिरात आरती, आठला घरी. ही गोष्ट ह्यांना आज-उद्याच सांगा, रविवारी दारात उभं राहून नको. आयत्या वेळी विचारलं की पोराला सांभाळणं पुन्हा तुमच्याकडे किंवा सुनेकडे येतं.

प्रयोगाचा प्लॅन, म्हणजे तिकीटविक्री, उघडतो कधी, ते जाहिरातीत नाहीतर नाट्यगृहाच्या खिडकीवर कळतं. पहिल्याच दिवशी जा. ऑनलाइन काढलंत तर वर सेवाशुल्क पडतं आणि खुर्ची नकाशावरूनच निवडावी लागते. खिडकीवर मात्र “सासूबाईंना जिना नको” एवढं सांगितलं की दारापासून जवळची खुर्ची मिळते. बाल्कनी नकोच. पहिल्या तीन रांगाही नकोत, मान वर करून बसावं लागतं आणि नेपथ्य अखंड दिसत नाही. पाचवी ते दहावी रांग, मधल्या भागात. सासूबाईंना वाटेलगतची खुर्ची घ्या, आणि जो गुडघा जास्त दुखतो त्या अंगाला वाट येईल अशी. म्हणजे मध्यंतरात आणि घंटेआधी पाय लांब करता येतो. पडदा वर गेल्यावर मात्र पाय आत, अंधारात कुणी अडखळेल.

तिकीट हातात आलं की नाट्यगृहाचं नाव वाचा. सांगलीत विष्णुदास भावे नाट्यमंदिर आणि मिरजेत बालगंधर्व नाट्यमंदिर. दौऱ्यावर आलेली नाटकं दोन्हीकडे लागतात आणि “आपल्याकडं नाटक आहे” एवढ्यावर निघालेली माणसं दहा किलोमीटर चुकीच्या दिशेला जातात. खिडकीवर आणखी एक विचारून घ्या: पडदा किती वाजता पडेल? हल्लीची दोन अंकी नाटकं मध्यंतर धरून सव्वादोन ते अडीच तासांची असतात. संगीत नाटक असेल तर तीन तास सहज, वन्स मोअर मिळाले तर आणखी पुढं. रात्रीचं जेवण आणि आजोबांची आरती या उत्तरावर ठरेल. नात नऊ वर्षांची आहे, म्हणून विषय लहानांच्या बेताचा आहे ना हेही तिथंच विचारा.

आत गेल्यावर खुर्च्या सापडल्या की लगेच सासूबाईंना स्वच्छतागृहाकडे नेऊन आणा. मध्यंतर दहा-पंधरा मिनिटांचं, माणसं काहीशे, आणि बायकांची रांग नेहमी लांब. आधी जाऊन आलं की मध्यंतरात त्या जागेवर बसून वडा खाऊ शकतात. लघवीची गोळी चालू असेल तर तिची वेळ आपल्या मनानं बदलू नका, डॉक्टरांना आधी विचारा. खोकल्यासाठी खडीसाखर आणि लवंग द्या, पण रुमालात बांधून. कडकड वाजणारा कागद शांत प्रसंगात फोनच्या घंटीइतकाच त्रास देतो. नातीच्या पुढं उंच माणूस आलं तर तिच्याखाली घालायला एक शाल घडी करून न्या. फोन सगळ्यांचे बंद. नुसते मूक ठेवले तरी पडद्याचा उजेड मागच्या रांगेच्या डोळ्यांत जातो.

साडेसातच्या पुढं नाटक सुटेल, सव्वाआठला घरी. तेव्हा पुन्हा हॉटेल शोधत फिरू नका. मुगाची खिचडी, कढी, पापड. तीन वाट्या तांदूळ आणि दीड वाटी मूगडाळ दुपारीच कोरडी भाजून, मोजून झाकून ठेवा. भिजत घालून जाऊ नका, चार तासांत तांदूळ फुटतो आणि खिचडीचा लगदा होतो. आल्यावर धुवून फोडणीला टाका, पाणी साडेतीनपट, म्हणजे सोळा वाट्यांच्या आसपास. एवढं सगळं पाच लिटरच्या कुकरात मावेल असं वाटतं, पण डाळ-तांदूळ असताना कुकर निम्म्याच्या वर भरू नये. डाळ फेसाळते आणि पिवळं पाणी शिट्टीतून ओट्यावर येतं. साडेसात लिटरचा असेल तर एकदम, नाहीतर दोन खेपा. कढीचं ताक मात्र फ्रीजमध्ये ठेवून जा, दिवसभर बाहेर राहिलं तर आंबटढोण होतं.

शनिवार मोकळा ठेवा. व्याही-विहीणबाई रात्रीच्या प्रवासानं येणार, त्या दिवशी त्यांना झोपेची गरज आहे. डोंबिवलीकरांना महालक्ष्मी एक्स्प्रेस सोयीची, ती कल्याणला थांबते आणि पहाटे सांगलीत आणून सोडते. रेल्वेचं आगाऊ आरक्षण १ नोव्हेंबर २०२४ पासून १२० ऐवजी ६० दिवस आधी उघडतं. ती तारीख वहीत लिहून ठेवायला त्यांना आजच सांगा, सुट्टीतल्या गाड्या पहिल्याच दिवशी भरतात. खालचा बर्थ हवा असेल तर तिकीट दोघांचंच, वेगळं काढायचं. साठीच्या पुढचे पुरुष आणि पंचेचाळिशीच्या पुढच्या स्त्रिया यांना खालचा बर्थ देण्याची सोय एका तिकिटावर एक किंवा दोन प्रवासी असतील तरच लागू होते. सोयीसाठी म्हणून चौघा-पाचांचं एकत्र तिकीट काढलं की म्हातारी माणसं वरच्या बर्थवर जातात, आणि का ते कुणाला कळत नाही. तारीख हुकलीच तर तत्काळ: आदल्या दिवशी एसी डब्यांचं सकाळी दहाला, स्लीपरचं अकराला. तिकिटावर सांगली आहे की मिरज तेही बघायला सांगा, म्हणजे मुलगा पहाटे चुकीच्या स्टेशनवर उभा राहणार नाही.

शनिवारी संध्याकाळी हरिपूर. तीन-चार किलोमीटरवर कृष्णा-वारणेचा संगम, काठावर संगमेश्वराचं देऊळ, तासाभराचा फेरफटका. रविवारच्या नाटकाची ही उत्तम पूर्वतयारी आहे. नाटककार गोविंद बल्लाळ देवल हरिपूरचे, कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर सांगलीचे. १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सांगलीचे संस्थानिक चिंतामणराव पटवर्धन यांच्या आश्रयानं सीता स्वयंवराचा, म्हणजे पहिल्या मराठी नाटकाचा, खेळ केला तोही याच गावात, आणि ५ नोव्हेंबरचा रंगभूमी दिन त्याचीच आठवण. नातीला हे संगमावर बसून सांगा. दुसऱ्या दिवशी भाव्यांच्या नावाच्या नाट्यगृहात शिरताना तिला ते नाव ओळखीचं असेल.

सोमवारी नरसोबावाडी. पंचवीसेक किलोमीटर आहे, पण सकाळी सातला निघा. अकराला निघालात तर पोचेपर्यंत उन्हाचा कडाका, आणि घाटाच्या फरशीवर अनवाणी पाय पोळतात. वाडीला गुरुवारी आणि पौर्णिमेला गर्दी लोटते. तुमचा सोमवार पौर्णिमेला येत नाही ना ते कॅलेंडरात पाहून घ्या, आला तर गर्दी धरून चाला. देऊळ खाली नदीच्या पातळीशी आहे, पायऱ्या उतराव्या लागतात. उतरताना गुडघ्यावर चढताना पडतो त्यापेक्षा जास्त भार येतो, म्हणून सासूबाईंच्या पुढं एक पायरी मुलगा, बाजूला सून, आणि हातात काठी. त्यांना जमेल की नाही ते तिथं गेल्यावर त्यांनाच ठरवू द्या. वरूनच हात जोडले तरी कुणी कमी लेखू नये. (हाच बेत कधी जुलै-ऑगस्टमध्ये केलात तर निघण्याआधी सांगलीत आयर्विन पुलाजवळची पातळी बघा. ४० फूट इशारा, ४५ फूट धोका. कृष्णा वाढली की वाडीच्या देवळातही पाणी असतं.)

दर्शनानंतर कवठाची बर्फी आणि बासुंदी घ्या. बासुंदी घरी न्यायची असेल तर थर्मास बरोबर ठेवा, प्लास्टिकच्या पिशवीत ती दुपारपर्यंत टिकत नाही. व्याह्यांना शिल्पाची आवड असेल आणि सासूबाई गाडीत बसायला तयार असतील तर पुढं खिद्रापूरचं कोपेश्वराचं देऊळ, आकाशाला उघड्या स्वर्गमंडपाचं. पण खाणं घरून न्या आणि घरी पोचायला दोन वाजणार हे धरून चाला. आमचा कौल मात्र येताना मिरजेवरून येण्याला. सतारमेकरांच्या दुकानात अर्धा तास थांबलात तर नातीला भोपळ्याची सतार कशी होते ते समोर दिसेल. तिथल्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालंय. आधी फोन करून दुकान उघडं आहे ना विचारा.

मंगळवारी मुलाला सकाळी सहाला निघू द्या. खेड शिवापूरचा टोलनाका दुपारनंतर तुंबतो, सुट्टीच्या शेवटच्या रविवारी तर विचारायलाच नको. रविवारऐवजी मंगळवार निवडलात ते फार चांगलं केलंत.

पैशांचं आधी बोलून घ्या, हॉटेलच्या गल्ल्यापाशी ओढाताण नको. नाटक आणि रविवारचं जेवण तुमच्याकडे. व्याही म्हणतील आम्ही देतो. त्यांना सोमवारची गाडी आणि वाडीचा खर्च करू द्या. ज्या पाहुण्याला एकदाही खिशात हात घालू दिला नाही तो पुढच्या वेळी यायला संकोचतो.

आणि खुर्च्या. सात जण एका ओळीत बसवू नका, टोकाच्या माणसाला काही सांगायचं तर सहा जणांना वाकावं लागतं. पुढच्या रांगेत चार, लगेच मागं तीन. पुढं वाटेवर सासूबाई, शेजारी मुलगा, मग नात, मग सून. सासूबाईंना पाणी, काठी, रुमाल, मध्यंतरात उठवणं हे त्या दिवशी मुलाचं काम, तसं त्याला आधी सांगून ठेवा. मागं वाटेवर व्याही, मग विहीणबाई, आणि सगळ्यात आतल्या खुर्चीवर तुम्ही. तिथून सहज उठता येत नाही, म्हणूनच ती तुमची.